निळ्या चौरसाची फट

मित्रांनो, मला चार भोकं आहेत, आणि माझ्या आयुष्यातली सगळी काळजी त्यांच्यातूनच आत शिरली. एक भोक गोल, एक चौरस, एक त्रिकोणी आणि एक आयताकृती. लहान मुलांना आकार शिकवणारी मी एक लाकडी पेटी. वय अकरा वर्षं. माणसांत हे पोरवय झालं. पण आमच्या नदीकाठी चपलेलाही आठवड्यात बुरशी धरते, तिथे अकरा वर्षं टिकलेल्या लाकडाला म्हातारंच म्हणायला हवं.

कोलंबियाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर आमची नदी समुद्राला मिळते, तिथून होडीने दोन तास वर आलं की आमचं गाव. घरं सगळी खांबांवर उभी. त्यातलं सातवं घर तेओफिला मावशीचं. तिच्या पुढच्या खोलीत सरकारी खात्याचं बालघर चालतं. ओहोटी लागली की गावातल्या बाया खारफुटीच्या चिखलात शिंपल्या वेचायला जातात, आणि भरती येईपर्यंत त्यांची मुलं मावशीकडे असतात. माझ्या जन्माच्या वेळी अशी नऊ मुलं होती. बालघर सुरू होण्याआधी हीच मुलं आईबरोबर चिखलात जात. त्यांना होडीच्या आडव्या फळीला दोरीने बांधून ठेवत, आणि वर डासांचे थवे. एका वर्षी एक मूल दोरीसकट पाण्यात गेलं होतं. ते वाचलं, पण त्या घराला भरतीचा आवाज अजून सहन होत नाही.

हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मावशी एवढी का घाबरली ते तुम्हाला कळेल.

एका सोमवारी खात्याचं पत्र आलं. पंधरा दिवसांनी तपासणी. मुलांना चार आकार ओळखता आले पाहिजेत. शिकवण्याचं साहित्य टिकाऊ हवं, धुता येण्याजोगं हवं, आणि त्याचे कोपरे टोचता कामा नयेत. नाहीतर बालघर बंद करून मुलं बंदरावरच्या मोठ्या बालघरात पाठवली जातील. बंदर म्हणजे दोन तास होडी. कुठली आई पाठवणार? वरच्या गावाचं बालघर आदल्याच वर्षी असं बंद झालं होतं, आणि तिथली मुलं पुन्हा चिखलात गेली होती.

मावशी पत्र घेऊन तडक क्रिसांतो मेस्त्रीकडे गेली. मेस्त्री होड्या करायचा. मावशीच्या मुलीचा तो बाप्तिस्म्यातला धर्मपिता, म्हणून ती त्याला कोम्पाद्रे म्हणायची आणि तो तिला कोमाद्रे. या नात्यात एकमेकांना नाही म्हणता येत नाही. टोमणे मात्र कितीही मारता येतात.

पत्र ऐकून मेस्त्री म्हणाला, "कोपरे टोचू नयेत? कोमाद्रे, आज बिनकोपऱ्याचा चौरस मागताय, उद्या बिनकाट्याचा मासा मागाल."

"थट्टा पुरे. कधी देताय?"

"पेटी उद्या देतो. जुन्या होडीची फळी पडलीय, वीस वर्षं वाळलेली. तुकड्यांना मात्र नवं झाड पाडावं लागेल, आणि सध्या चंद्र वाढतोय."

आमच्याकडे लाकूड तोडायचं ते चंद्र उतरायला लागला की. वाढत्या चंद्रात झाड पाणी पिऊन बसलेलं असतं, ते लाकूड नंतर आकसतं, वाकतं, त्याला भुंगा लागतो, असं सगळा किनारा मानतो. हे चंद्रामुळे होतं की आणखी कशाने, मला ठाऊक नाही. मी लाकूड आहे, पंचांग नाही.

"नऊ दिवस थांबा," मेस्त्री म्हणाला.

"नऊ दिवस थांबले तर तुकडे येतील आणि मुलं जातील. शिकवायचं कधी मी?"

"होडी असती तर तुम्हाला हाकलून दिलं असतं. खेळणं आहे म्हणून..."

"खेळणं नाही, साहित्य आहे!"

"बरं बाई, साहित्य. पण उद्या काही वाकडं झालं तर माझ्याकडे यायचं नाही, चंद्राकडे जायचं."

अशी मी जन्माला आले, मित्रांनो. माझं अंग वीस वर्षं वाळलेल्या लाकडाचं, आणि माझे चार तुकडे कालपरवापर्यंत उभ्या असलेल्या झाडाचे. मला मोजायची खोड आहे, म्हणून सांगते: मेस्त्रीने माझी भोकं तीन-तीनदा मोजली आणि तुकडे एकदाच मोजले. पण त्या दिवशी ते भोकांत असे बसले की मधून नख जाईना. चौरस तर चारही बाजूंनी फिरवून घातला तरी तसाच टपकन आत जायचा. मेस्त्री कोपऱ्यांवरून हात फिरवत म्हणाला, "घ्या. गालाला लावा, टोचणार नाही."

मग तुकड्यांना होडीचा उरलेला रंग लागला. गोल लाल, चौरस निळा, त्रिकोण पिवळा, आयत हिरवा. आमच्या हवेत रंग कुठला वाळायला? मावशीने चारही तुकडे चुलीवरच्या मासे धुरावर वाळवायच्या फळीवर ठेवले. तिथे ते पाच दिवस होते. खाली धूर, शेजारी मासे. त्यानंतर आयुष्यभर त्यांना माशांचा वास येत राहिला, आणि दोन वर्षांची धाकटी पोरं लाल गोल दिसला की आधी चाटून बघायची.

ते पाच दिवस मी रिकामी होते, पण मावशी रिकामी बसली नव्हती. तिच्या शिकवण्यासारखं शिकवणं मी पुन्हा पाहिलं नाही. तिने होडीच्या दोराला गाठ मारून मोठं कडं केलं आणि मुलांना आत उभं केलं. तिघांनी पाठीने ओढलं की त्रिकोण. चौघांनी ओढलं की चौरस. एखाद्याने जास्त जोर केला की बाकीचे ओरडायचे, "ए, तू चौरस बिघडवतोस!" नऊच्या नऊ जणांनी ओढलं की जवळजवळ गोल, आणि मग सगळे मिळून धपकन खाली. तळलेल्या केळ्याची चकती दाताने कुरतडून चौरस करायची, हाही एक धडा होता. तो सगळ्यांना आवडायचा, कारण चुकलं तर चूक खाऊन टाकता यायची.

माडाच्या पातीची पट्टी घेऊन प्रत्येक बाजूला लावून बघायची सवयही तिनेच लावली. "डोळ्यांवर भरवसा ठेवू नका," ती म्हणायची, "डोळे आळशी असतात. बोटांना विचारा."

हे वाक्य सगळ्यांत जास्त मनावर घेतलं दालिलाने. दालिला साडेचार वर्षांची. तिची आई शिंपल्या वेचण्यात गावात पहिली, आणि संशय घेण्यात दालिला पहिली. तिला दोन चकत्या दिल्या तर ती एकीवर दुसरी ठेवून बघायची. माझ्या मोजणीप्रमाणे पहिल्या आठवड्यात इतर मुलांनी मला सरासरी अकरा वेळा हात लावला. दालिलाने त्रेपन्न वेळा.

तुकडे धुरावरून उतरून परत माझ्याकडे आले, आणि माझ्या काळजीला तिथून सुरुवात झाली.

ते आकसले होते. सगळीकडून सारखे आकसले असते तर कुणाला पत्ता लागला नसता. पण ओलं लाकूड लांबीत आकसत नाही, रुंदीत आकसतं. हिरवा आयत थोडा बारीक झाला. आयत तो आयतच राहिला. पिवळा त्रिकोण जरा चपटला, तरी बाजू तीनच. पण लाल गोल अंड्यासारखा झाला, आणि निळ्या चौरसाच्या दोन बाजू नखभर कमी भरायला लागल्या. तो माझ्या भोकात जायचा, अगदी सहज जायचा. फक्त एका अंगाला उजेड दिसायचा.

मला हे दिसत होतं आणि मला बोलता येत नव्हतं. लाकडाच्या वाट्याला येणारं सगळ्यांत मोठं दुःख हेच.

दालिलाला दुसऱ्याच दिवशी कळलं. तिने निळा तुकडा घातला, काढला, वळवून परत घातला.

"मावशी, फट पळते."

"काय पळतं?"

"फट. आधी इथे होती. वळवला की तिकडे जाते. हा चौरस नाही."

मावशीच्या एका हातात झाडू, दुसऱ्या हातात तपासणीची यादी. "आत जातो ना? मग झालं. माझं डोकं नको खाऊस, राणी."

मेस्त्री दारात उभा होता. तो चटकन म्हणाला, "सैल बसतं तेच बरं. लहान बोटं अडकत नाहीत." पण त्याचे कान लाल झाले होते. मी पाहिलं.

तपासणीला चार दिवस उरले तेव्हा मावशीची झोप उडाली. बंदरावरून बातमी आली की तपासनीस बाई कडक आहेत आणि आवाज न चढवता बालघरं बंद करतात. झालं! दोर गुंडाळून खुंटीवर गेला. पातीच्या पट्ट्या चुलीत गेल्या. आणि मावशीने असं काही सुरू केलं की माझी भोकं मिटतील तर बरं, असं मला वाटलं.

"लाल म्हणजे?"

"गोऽऽल!"

"निळा म्हणजे?"

"चौऽऽरस!"

बोटांना कुणी काही विचारेना. मुलं चार हात लांब बसून रंग बघून ओरडायची. बिनचूक ओरडायची, त्यामुळे मावशीचा चेहरा खुलायचा. माझी मोजणी त्या चार दिवसांत शून्यावर आली. नाही, चूक झाली. दालिलाचे सहा. ती जेवणानंतर गुपचूप येऊन निळा तुकडा फिरवायची आणि नाक मुरडून परत ठेवायची.

मावशीला मी दोष देत नाही. घाबरलेला माणूस जे लवकर जमतं तेच धरतो.

तपासणीच्या दिवशी नूबिया बाई भरतीबरोबर आल्या. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, प्लास्टिकच्या पिशवीत फॉर्म, आणि चेहरा होडीच्या हिंदकळण्याने पिवळा पडलेला. आल्या आल्या म्हणाल्या, "ओहोटी लागायच्या आत मला निघायचंय. होडी चिखलात रुतली तर आज तुमच्याच घरी मुक्काम."

"आमचं भाग्यच ते," मावशी म्हणाली. तिच्या आवाजात भाग्याचा टिपूस नव्हता.

बाईंनी पाण्याचं पिंप बघितलं, ताटं मोजली, संडासाचं दार ओढून बघितलं. सगळ्यांवर बरोबरची खूण. शिंपल्यांना जायच्या बाया त्या दिवशी गेल्याच नाहीत. टोपल्या काखेला लावून खिडकीबाहेर उभ्या राहिल्या. खिडकीत आठ चेहरे. शेवटी माझी पाळी आली. बाईंनी मला टेबलावर ठेवलं आणि वास घेतला.

"मासे?"

"नदी आहे ना, बाई," मावशी म्हणाली.

नूबिया बाईंनी यादीत बोट फिरवून एक नाव काढलं. नऊ नावं होती. त्यांचं बोट कुठे थांबलं असेल ते तुम्ही ओळखलंच. मावशीने डोळे मिटले.

दालिला पुढे आली. बाईंनी पिवळा तुकडा धरला.

"त्रिकोण."

हिरवा.

"आयत."

खिडकीतून कुणीतरी सुस्कारा सोडला. बाईंनी लाल तुकडा उचलला. दालिलाने तो हातात मागितला, बोटाने कडेकडेने एक फेरी मारली आणि म्हणाली, "अंडं."

बाईंच्या पेनाने फॉर्मवर एक लहानशी फुली मारली. मग निळा. दालिलाने तो माझ्या भोकात घातला, काढला, वळवला, परत घातला.

"आयत. पण लपून बसलेला."

दुसरी फुली.

"दालिला, राणी, नीट बघ," मावशीचा आवाज फाटला. "रंग कोणता?"

नूबिया बाईंनी मान वर केली. "रंग? आकाराचं विचारतेय मी. तुम्ही रंगावरून पाठ करून घेतलंय का?"

मावशीने मान खाली घातली. "शेवटचे चार दिवस," ती म्हणाली. "घाबरले होते. आधी असं शिकवत नव्हते."

"आणि तरी या मुलीला येत नाही."

"मला येतं!" दालिला म्हणाली. निळा तुकडा तिने अजून सोडला नव्हता. "हाच खोटा आहे. फट पळते. मावशीला सांगितलं होतं मी."

मावशीने पोरीकडे बघितलं. मग गुडघ्यांवर बसली, तिच्या हातातून तुकडा घेतला आणि माझ्या भोकात घातला. वळवला. परत घातला. त्या सात दिवसांत दालिला सोडून कुणी तो वळवला नव्हता. उजेडाची बारीक रेघ आधी बाजूला दिसली, मग वर. मावशीच्या मानेवर घाम आला. मला तो जवळून दिसला.

"मोजा, बाई," ती म्हणाली.

नूबिया बाईंकडे मोजायला पट्टी नव्हती. त्यांनी फॉर्मचीच कड तुकड्याला लावली, नखाने खूण केली, मग दुसऱ्या बाजूला लावली. खूण बाहेर उरली. त्यांनी पुन्हा लावून पाहिलं. मग लाल तुकडा तसाच तपासला.

"पोरगी बरोबर आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "म्हणजे साहित्य चुकीचं आहे."

"माझं काम चुकीचं नाही!" खिडकीबाहेरून मेस्त्री ओरडला. "चंद्र चुकीचा होता. लिहा तसं!"

"चंद्रासाठी रकाना नाही," बाई म्हणाल्या. कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं, कारण बाई हसत नव्हत्या. त्यांनी फॉर्म मावशीपुढे सरकवला. "हे बघा तेओफिला. इथे लिहिलंय: मुलं आकार ओळखतात, होय की नाही. त्याखाली: साहित्य योग्य आहे, होय की नाही. साहित्य योग्य म्हटलं, तर हा निळा तुकडा चौरस ठरतो आणि मुलगी नापास होते. मुलगी पास म्हटली, तर साहित्य नापास. दोन्ही होय मला लिहिता येणार नाही. साहित्य अयोग्य निघालं तर ते मोडीत काढावं लागतं, आणि बालघर चालू ठेवायचं की नाही ते वरचे साहेब ठरवतात. मुलं नापास झाली तर साहेबांपर्यंत जायचीही गरज नाही, बालघर बंदच. फुली कुठे मारू?"

मावशीने माझ्याकडे बघितलं. मित्रांनो, त्या नजरेचं ओझं मला अजून पेलवत नाही. माझ्यासाठी तिने मेस्त्रीशी हुज्जत घातली होती, आणि मी तिची पहिली आणि एकुलती एक वस्तू होते जिच्यावर 'साहित्य' असं लिहिता येत होतं.

"साहित्यावर मारा," ती म्हणाली.

पेन कागदावरून फिरलं. मला लाज वाटली, भीती वाटली, आणि थोडं बरंही वाटलं. तिन्हींचं प्रमाण विचारू नका. एरवी मी सगळं मोजते, ते मोजलं नाही.

जाताना नूबिया बाईंनी दालिलाला विचारलं, "तुला कसं कळलं गं?"

"डोळे आळशी असतात," दालिला म्हणाली.

बाई होडीत चढल्या तेव्हा पाणी उतरायला लागलंच होतं.

मग पाच आठवडे निकालाची वाट. ते पाच आठवडे मी बाकाखाली पालथी पडून काढले. प्रत्येक होडीचं इंजिन ऐकलं की मावशी हातातलं काम टाकून धक्क्यावर जायची. बायांनी होडीत बांधायच्या जुन्या दोऱ्या काढून धुवून ठेवल्या होत्या. त्या दोऱ्या वाळत घातलेल्या मला दारातून दिसत होत्या.

पत्र आलं ते भर दुपारी. मावशीने उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं, मग मेस्त्रीला वाचून दाखवलं. बालघर चालू राहील. बंदरावरून प्लास्टिकचे आकार पाठवले जातील. जुनं लाकडी साहित्य नष्ट करून तशी सही पाठवावी.

मावशीने मला उचललं आणि चुलीपाशी नेलं. चूल पेटलेली होती. तिने मला जमिनीवर ठेवलं, माझ्या झाकणावर कागद ठेवला, आणि माझ्याच पाठीवर टेकवून सही केली.

"जाळलीत?" मेस्त्रीने विचारलं.

"कागदावर जाळली."

"मग आता ही कोण?"

"ही कांद्यांची पेटी."

म्हणजे कागदोपत्री मी अकरा वर्षांपूर्वीच मेले आहे. कांदे माझ्यात फार थोडे दिवस राहिले. प्लास्टिकचे आकार आले. छान आहेत, चकचकीत आहेत, कुठल्याही हवेत चौरस ते चौरसच राहतात. मुलं ते पटापटा बसवतात आणि पटकन कंटाळतात. मग मावशी मला काढते. मेस्त्रीने उतरत्या चंद्रात तोडलेल्या लाकडाचे नवे चार तुकडे करून दिले, आणि मावशीने त्यांत जुना निळा मिसळून टाकला. "यातला एक खोटं बोलतोय," ती सांगते. "बोटांनी शोधा." दोर पुन्हा खुंटीवरून उतरला, तो आजपर्यंत परत चढलेला नाही.

तपासणी असली की मला मेस्त्रीच्या होडीखाली लपवतात. दर वेळी वाटतं, या वेळी सापडणार. जुन्या निळ्याला आता भुंगाही लागलाय. रोज चिमूटभर पिवळी भुकटी माझ्या तळाशी पडते. अजून किती दिवस तो चौरस असल्याचं ढोंग करू शकेल, याची मला काळजी आहे.

मित्रांनो, मला कोरड्या फडक्याने पुसा, ओल्या जमिनीवर ठेवू नका, हे सगळं मी सांगितलं नाही तरी तुम्ही कराल. मला मागायचं आहे ते वेगळंच. तुमच्या घरात किंवा शाळेत एखादं लहान मूल हातात काहीतरी धरून 'हे बसत नाही' म्हणालं, तर त्याचा हात धरून ते दाबून बसवू नका आणि त्याला गप्पही करू नका. ती वस्तू स्वतःच्या हातात घ्या. एकदा आडवी लावा, एकदा उभी लावा. त्याला अर्धं मिनिट लागतं. आमच्या गावात तेवढं अर्धं मिनिट सात दिवस कुणालाच मिळालं नव्हतं, आणि तेवढ्यापायी नऊ मुलं पुन्हा चिखलात जाणार होती.